पीएफझेड सल्ला : पाण्याला चार गुण, तारलीला अडीच

हैदराबादच्या इन्कॉइस या केंद्र सरकारी संस्थेकडून निघणारा ‘संभाव्य मासेमारी क्षेत्र’ सल्ला बंदरावर पीएफझेड म्हणूनच ओळखला जातो. त्याला फी नाही, तो मराठीत मिळतो आणि मासेमारी बंदीचा काळ व ढगाळ दिवस सोडले तर रोज मिळतो. सुरमई, कुपा, बांगडा यांच्यामागे खोल पाण्यात जाणाऱ्यांनी तो न वापरणं म्हणजे डिझेल पाण्यात ओतणं. हे परीक्षण मात्र तारलीपुरतं, म्हणजे ऑइल सार्डिनपुरतं आहे. तारली किनाऱ्याला धरून राहते. तिचं वर्ष पावसाळ्यात ठरतं. ती कधी जाळी फाटेपर्यंत येते, तर कधी सलग काही वर्षं तोंड दाखवत नाही. अशा माशासाठी उपग्रहावरून काढलेली रेघ किती कामाची, हे वेगळं तपासावं लागतं. मत आधीच सांगतो : चांगलं पाणी ओळखायला पाचपैकी चार गुण, तारली शोधायला अडीच, आणि पुढच्या हंगामात तारली किती येईल हे कळायला शून्य. हे तिसरं काम सल्ल्याचं नाहीच, पण अनेक जण त्याच्याकडून तीच अपेक्षा धरतात. तिथेच घोळ होतो, म्हणून त्यावर पुढे जास्त लिहिलं आहे.

आधी सल्ला बनतो कसा ते पाहू. उपग्रह समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान मोजतात आणि पाण्याचा रंग टिपतात. रंगावरून पाण्यात हरितद्रव्य किती, म्हणजे सूक्ष्म वनस्पती किती, याचा अंदाज येतो. तापमान नोआ आणि मेटॉप या मालिकांतल्या उपग्रहांकडून येत आलं आहे, तर रंग आपल्या ओशनसॅट मालिकेकडून आणि अमेरिकेच्या मोडिस या उपकरणाकडून. २६ नोव्हेंबर २०२२ रोजी ओशनसॅट मालिकेतला ईओएस-०६ हा तिसरा उपग्रह सोडला गेला. गार पाणी आणि कोमट पाणी जिथे एकमेकांना भिडतं, तिथे सूक्ष्म वनस्पती गोळा होतात. त्यांच्यामागे त्यांना खाणारे बारीक जीव येतात आणि त्यांच्यामागे मासे. ही सीमा जिथे ठळक दिसते तिथे नकाशावर रेघ ओढली जाते. पाचशेहून अधिक बंदरांसाठी त्या रेघेचं अंतर आणि दिशा काढून तक्ता तयार होतो. म्हणजे ही रेघ अन्नाची आहे. मासा त्या अन्नापर्यंत पोचला आहे की नाही, आणि पोचला असला तर कोणता, हे उपग्रहाला दिसत नाही.

तक्त्यातली एक ओळ जवळून पाहू. उदाहरणादाखल समजा, रत्नागिरीपुढे लिहिलं आहे : दिशा पश्चिम-नैऋत्य, कोन २५५ अंश, अंतर ३८ ते ४३ किलोमीटर, खोली ४५ ते ५० मीटर, आणि त्यापुढे अक्षांश-रेखांश अंश-मिनिट-सेकंदांत. किलोमीटरला १.८५२ ने भागलं की सागरी मैल निघतात, म्हणजे साडेवीस ते सव्वातेवीस मैल. मीटरला १.८३ ने भागलं की वाव निघतात, म्हणजे साधारण साडेचोवीस ते सव्वासत्तावीस वाव. सात नॉट्सने, म्हणजे तासाला सात सागरी मैलांनी, जाणाऱ्या नौकेला तिथे पोचायला तीन तास लागतील. खोलीचा आकडा नुसता वाचून सोडू नये. जागेवर पोचल्यावर फिश फाईंडरवर, म्हणजे खोली आणि थवे दाखवणाऱ्या यंत्रावर, ४५ ते ५० मीटर दिसत नसतील, तर एक तर आकडे भरताना चूक झाली आहे किंवा नौका वाहून गेली आहे. जाळं टाकण्याआधी हे दोन मिनिटांत कळतं.

आकडे भरताना होणारी चूक नेहमी एकाच प्रकारची असते. सल्ल्यात १६ अंश ५४ मिनिटं ३० सेकंद असं लिहिलेलं असतं आणि जीपीएस यंत्र दशांश मिनिटांवर किंवा दशांश अंशांवर लावलेलं असतं. ३० सेकंद म्हणजे अर्धं मिनिट, त्यामुळे दशांश मिनिटांत ती जागा १६ अंश ५४.५० होते. घाईत कुणी ५४.३० भरलं तर सुमारे ३७० मीटरची चूक होते, ती चालून जाते. पण यंत्र दशांश अंशांवर असताना १६.५४३० असं भरलं, तर नौका तब्बल चाळीस किलोमीटर दक्षिणेला जाते. खरा आकडा १६.९०८३ आहे. मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागून अंशांत मिळवायचे, एवढंच करायचं असतं. त्याहून सोपं म्हणजे यंत्राच्या सेटिंगमध्ये जाऊन एकदाच अंश-मिनिट-सेकंद निवडून ठेवायचं. पीएफझेड खोटं निघालं, अशी तक्रार ऐकली की आधी ही सेटिंग तपासावी.

दुसरी चूक शिळ्या सल्ल्याची. रेघ पाण्यासोबत सरकते. अर्धा नॉट प्रवाह असला तरी चोवीस तासांत बारा सागरी मैल, म्हणजे बावीस किलोमीटर पाणी पुढे गेलेलं असतं. सल्ल्यावर तो किती तारखेपर्यंत लागू आहे ते छापलेलं असतं. ती तारीख उलटली की तो कागद बर्फ झाकायला वापरा. लागू असलेल्या सल्ल्यातही दुरुस्ती करायची ती ऋतू पाहून करावी. आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे वाहतो, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तरेकडे. म्हणून सप्टेंबरमध्ये एक दिवस जुन्या रेघेवर जायचं झालं तर थोडं दक्षिणेकडून शोधायला लागावं आणि डिसेंबरमध्ये उत्तरेकडून. वारा जोराचा असेल तर हा हिशेबही कोलमडतो. त्या दिवशी रेघेपेक्षा पाण्याच्या रंगावर आणि कुरवांच्या घिरट्यांवर विसंबावं.

सल्ला हातात येण्याचे मार्ग अनेक आहेत : संस्थेचं संकेतस्थळ, मोबाईलवरचा संदेश, काही बंदरांवरचे इलेक्ट्रॉनिक फलक आणि इन्कॉइसचं समुद्र नावाचं ॲप. ॲपमध्ये नकाशा आणि लाटांचा अंदाज एकाच ठिकाणी मिळतो, ही मोठी सोय. अडचण किनारा सोडल्यावर सुरू होते. मोबाईलची रेंज दहा-बारा किलोमीटरपलीकडे सहसा टिकत नाही, त्यामुळे निघण्याआधीच त्या दिवसाचा तक्ता उतरवून किंवा स्क्रीनशॉट काढून ठेवावा. रेंजबाहेर जाणाऱ्यांसाठी ९ ऑक्टोबर २०१९ रोजी जेमिनी हे उपकरण आणलं गेलं. ते गगन या भारतीय दिशादर्शन यंत्रणेच्या उपग्रहांवरून संदेश घेतं आणि ब्लूटूथने मोबाईलवर दाखवतं. त्याच्यावरून उलट संदेश पाठवता येत नाही, हे घेणाऱ्याने आधीच लक्षात ठेवावं. संकटात मदत मागायला वेगळी सोय लागतेच. लहान नौकांसाठी २०२० पासूनची एक वेगळी सूचना सेवा आहे. सात मीटरपर्यंत रुंदीच्या नौकांना कुठे, कधी उलटण्याचा धोका आहे हे ती दहा दिवस आधीपासून सांगते. तारलीवाल्यांच्या बहुतेक होड्या या मापात बसतात. पीएफझेड पाहण्याआधी ही सूचना पाहावी, त्यात कुचराई नको.

आता तारली. बाजारात पेडवे आणि तारली सर्रास एकत्र विकली जातात, पण नोंद ठेवायची तर फरक कळायला हवा. तारलीचं अंग गोलसर आणि लांबट, डोकं मोठं. कल्ल्याच्या झाकणाच्या मागच्या कडेवर ठळक काळा ठिपका असतो. त्यामागे फिकट सोनेरी डाग आणि अंगाच्या मध्यातून शेपटीकडे जाणारी फिकट सोनेरी रेघ. मासा ताजा असतानाच ही रेघ दिसते, बर्फात दिवस गेला की विरते. कल्ला उचलून आत पाहिलं तर बारीक फणीसारखे काटे दाट लागलेले दिसतात. ही तारलीची चाळण. पाणी आत घ्यायचं, कल्ल्यांतून बाहेर सोडायचं आणि त्यातल्या सूक्ष्म वनस्पती अडवून गिळायच्या, असं तिचं जेवण चालतं. पोट चिरलं की आत हिरवट-तपकिरी लगदा निघतो. तो बहुतांशी डायटम नावाच्या, काचेसारखं कवच असलेल्या सूक्ष्म शैवालांचा असतो. त्यांतलं फ्रॅजिलेरिया ओशिॲनिका हे पाण्यात दाट झालं की तारली जवळ आहे असं समजावं, हे मलबार किनाऱ्यावरच्या संशोधकांनी फार पूर्वीच नोंदवून ठेवलं आहे. त्याच लगद्याच्या आजूबाजूला ऑक्टोबर-डिसेंबरमध्ये पांढऱ्या चरबीचे पट्टे दिसतात. जूनमध्ये चरबी नाहीशी झालेली असते आणि तिची जागा अंड्यांनी घेतलेली असते.

थेट सूक्ष्म वनस्पतींवर जगणारा असा मासा अन्नाच्या अगदी जवळ राहतो. सुरमईला मधले दोन-तीन टप्पे लागतात, तारलीला तसे लागत नाहीत. म्हणून किनाऱ्याचं पाणी सुपीक झालं की तारली महिन्याभरात अंग धरते आणि पाणी नापीक झालं की तितक्याच वेगाने रोडावते. पावसाळ्यात मलबार किनाऱ्यावर वारा वरचं पाणी खोल समुद्राकडे ढकलतो आणि त्याच्या जागी खालचं गार, नायट्रेट आणि सिलिकाने भरलेलं पाणी वर येतं. हे मेअखेरीस कन्याकुमारीकडून सुरू होतं आणि जून ते सप्टेंबर उत्तरेकडे सरकत जातं. डायटमना कवचासाठी सिलिका लागतं. ते या पाण्यातून मिळतं आणि नद्याही आणतात. तारलीची मादी नेमकी याच काळात, जून ते ऑगस्टमध्ये, अंडी सोडते. अंडी साधारण दिवसभरात फुटतात आणि पिल्लांना पहिल्या दिवसांत तोंडाजवळ अन्न लागतं. ते मिळालं तर पिढी तगते. वारा उशिरा आला, गार पाणी वर आलंच नाही किंवा अन्न तयार होण्याआधीच पिल्लं फुटली, तर अंडी कितीही घातलेली असोत, ती पिढी जाते.

तारलीचं आयुष्य अडीच वर्षांच्या आसपास. साधारण पंधरा सेंटीमीटरची झाली की, म्हणजे वर्षभरात, ती अंडी घालायला तयार होते. या दोन आकड्यांवर तिचा सगळा चढउतार उभा आहे. सलग दोन पावसाळे वाईट गेले की म्हातारी मासळी मरून गेलेली आणि मागून कुणी आलेलं नाही, अशी स्थिती येते. उलट एक चांगला पावसाळा मिळाला की उरलेली थोडी मासळी एका वर्षात पुन्हा किनारा भरून टाकते. केरळातल्या तारलीच्या आवकेचे कोचीच्या सीएमएफआरआय या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने दिलेले आकडे पाहा. २०१२ मध्ये सुमारे ३.९ लाख टन. पुढच्याच वर्षापासून घसरण सुरू झाली, मधल्या एखाद्या वर्षाचा अपवाद सोडला तर ती थांबली नाही, आणि २०२१ मध्ये फक्त ३,२९७ टन. २०२२ मध्ये आवक पुन्हा एक लाख टनांवर गेली आणि २०२४ मध्ये दीड लाख टनांच्या जवळ पोचली. आवक म्हणजे समुद्रातली एकूण मासळी नव्हे. जाळ्यांची संख्या, बंदी, बाजारभाव हे सगळं त्यात येतं. तरीही असा उसळता आकडा दुसऱ्या मोठ्या माशात क्वचितच पाहायला मिळेल.

मग वाईट वर्षांत ही बीजाएवढी तारली राहते कुठे? किनाऱ्यालगतच्या त्याच सुपीक तुकड्यांत. सगळा किनारा एकाच वेळी नापीक होत नाही. कुठे नदीचं मुख, कुठे अलप्पुळाजवळच्या चाकरसारखा चिखलाचा शांत पट्टा, कुठे भूशिराच्या आडोशाला वर येणारं गार पाणी, असे तुकडे हलक्या वर्षातही डायटम पिकवत राहतात. मासळी पसरलेली असते ती आक्रसून या तुकड्यांत गोळा होते. हे इतर समुद्रांतही दिसलं आहे. तारलीच्याच नात्यातली कॅलिफोर्नियाची सार्डिन विसाव्या शतकाच्या मध्यावर कोसळली. १९६७ मध्ये तिच्या मासेमारीवर आलेली बंदी १९८६ पर्यंत टिकली आणि २०१५ मध्ये मासेमारी पुन्हा थांबवावी लागली. तिथेही कमी मासळीच्या काळात सार्डिन दक्षिणेकडे, मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियाच्या किनारी पाण्यात आक्रसून राहिली आणि चांगले दिवस आले तशी उत्तरेकडे पसरली. सांता बार्बरापुढच्या समुद्रतळाच्या गाळात सापडलेल्या खवल्यांवरून संशोधकांनी सुमारे सतराशे वर्षांचे चढउतार वाचले आहेत. जाळी नव्हती तेव्हाही सार्डिन पडायची आणि पुन्हा उभी राहायची.

ही माहिती हाताशी ठेवून पीएफझेडकडे पुन्हा पाहिलं की त्याच्या तीन उणिवा दिसतात.

पहिली उणीव वेळेची. तारलीचं वर्ष जून ते सप्टेंबरमध्ये ठरतं. त्याच काळात आकाश ढगांनी भरलेलं असतं, उपग्रहाला पाणी दिसत नाही आणि १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात सल्ला निघतही नाही. ढगाला इलाज नाही, हे मान्य. पण कोकण-गोव्यापुढे एक आणखी गोष्ट आहे. इथे पाऊस आणि नद्या इतकं गोडं पाणी ओततात की समुद्रावर हलक्या पाण्याचं झाकण बसतं. खाली गार पाणी आलेलं असतं, पण वर कोमटच राहतं. म्हणजे एखाद्या उघडिपीत उपग्रहाला पाणी दिसलं, तरी तापमानाच्या नकाशावर इथली सुपीकता उमटत नाही. केरळच्या तुलनेत आपल्याकडे सल्ल्याचा हा भाग कमजोर राहतो, आणि ते समजून घेतलं नाही की सप्टेंबरच्या नकाशावर रेघ नाही म्हणून लोक बंदरात बसून राहतात.

याच झाकणाखाली सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये प्राणवायू फार कमी होतो. गोव्यापुढच्या समुद्रात हे वर्षानुवर्षं मोजलं गेलं आहे. मासळी त्या पाण्यातून वर आणि किनाऱ्याकडे सरकते. त्या आठवड्यांत तारलीसाठी जाळं खोल सोडण्यात अर्थ नसतो. वरच्या काही वावांतच थवा असतो. किनाऱ्यावरून ओढायच्या रापणीला हेच दिवस मासळी देतात. रेघेची वाट पाहण्यापेक्षा सकाळी पाण्यावर सर पडल्यासारखी थरथर दिसते का, पाण्याचा रंग तांबूस-काळसर झाला आहे का, हे पाहणारा माणूस उंचावर बसवलेला बरा.

दुसरी उणीव जागेची. तारलीचा वावर बहुतेक वीस-पंचवीस मीटर खोलीच्या आत. तिथलं पाणी, विशेषतः रायगडपासून वर आणि खाड्यांच्या तोंडाशी, गढूळ असतं. रंग मोजणाऱ्या उपग्रहाला गाळ आणि हरितद्रव्य यांत फरक करणं कठीण जातं, त्यामुळे किनाऱ्याला चिकटलेल्या पट्ट्यातले आकडे फुगीर येतात. ठळक रेघा मग बाहेरच्या, स्वच्छ पाण्यात सापडतात. त्या बांगड्याला आणि कुप्याला उपयोगी. तारलीवाल्याने रेघेची जागा घेण्याऐवजी रेघेची दिशा घ्यावी : सलग दोन-तीन दिवस रेघा एखाद्या भूशिराच्या समोर, किनाऱ्याकडे वळलेल्या दिसत असतील, तर त्या भूशिराच्या आतल्या बाजूला दहा ते पंधरा वावांत शोधायला सुरुवात करावी. शिवाय सगळं हिरवं पाणी सारखं नसतं. हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्रात नॉक्टिल्युका या सूक्ष्म जीवाचा हिरवा तवंग येतो. उपग्रहाला तो सुपीक दिसतो, पण तारलीच्या चाळणीला तो डायटमसारखा कामाचा नाही. इन्कॉइसचीच शैवाल-बहराची वेगळी माहिती सेवा आहे आणि तिच्यात ईशान्य अरबी समुद्र येतो. डिसेंबरनंतर दोन्ही सोबत पाहावीत.

तिसरी उणीव सगळ्यात गंभीर, आणि ती सल्ला चांगला असल्यामुळेच निर्माण होते. समजा चांगल्या वर्षी किनाऱ्यावर शंभर ठिकाणी तारलीचे थवे आहेत आणि वाईट वर्षी वीसच ठिकाणी. नकाशा, फिश फाईंडर आणि मोबाईल हाताशी असले की नौका थेट त्या वीस ठिकाणी पोचते आणि फेरीमागे मिळणारे कॅरेट जवळजवळ पूर्वीइतकेच भरतात. तांडेलाला, म्हणजे नौकेच्या म्होरक्याला, वाटतं, मासळी आहे. प्रत्यक्षात ऐंशी ठिकाणं रिकामी झालेली असतात आणि उरलेल्या वीसांवर सगळ्यांची जाळी पडत असतात. हीच ती वीस ठिकाणं, ज्यांतून पुढच्या चांगल्या पावसाळ्यात किनारा पुन्हा भरायचा असतो. फेरीमागच्या कॅरेटवरून तारलीची तब्येत कधीच जोखू नये. त्यापेक्षा किती तास शोधावं लागलं, किती वेगवेगळ्या जागी थवा मिळाला, माशाची लांबी किती आणि पोटात चरबी आहे का, या चार गोष्टी वहीत लिहाव्यात. शोधायचे तास तेवढेच पण जागांची संख्या घटत चालली, तर मासळी आक्रसते आहे. लांबी दहा-बारा सेंटीमीटरवर अडकली असेल तर नुकती आलेली पिढी उचलली जाते आहे. मासळी लांब आहे पण चरबी नाही, तर पाणी उपाशी आहे.

लांबी मोजायची ती तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, पट्टीवर मासा आडवा ठेवून. प्रत्येक फेरीत पन्नास मासे न निवडता उचलावेत. वरचे मोठे घेतले की नोंद खोटी होते. केरळात तारलीसाठी किमान दहा सेंटीमीटरचा नियम आहे. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार ठरवले. ती यादी मत्स्यव्यवसाय कार्यालयातून घेऊन नौकेवर लावावी. पण नियमाच्या दहा सेंटीमीटरवर समाधान मानण्यात अर्थ नाही. मासा पंधराचा झाल्याशिवाय अंडी घालत नाही. दहा ते पंधरा या मधल्या महिन्यांत पकडलेल्या तारलीने एकदाही वीण दिलेली नसते. असा माल बहुतेक फिशमीलच्या कारखान्यात किंवा नारळाच्या आळ्यात जातो आणि किलोमागे खाण्याच्या तारलीच्या निम्माही दर देत नाही. चार महिने थांबला तर तोच मासा वजनाने दुपटीच्या वर जातो. हे पैशाच्याच भाषेत सांगितलेलं बरं.

पुढच्या हंगामाचा अंदाज हवा असेल तर रोजच्या रेघेऐवजी लांबची सरासरी पाहावी. केरळच्या आवकेवर झालेल्या अभ्यासात किनाऱ्यालगतच्या पृष्ठभागाच्या तापमानाची अडीच वर्षांची सरासरी हा सगळ्यात उपयोगी आकडा निघाला. अडीच वर्षं म्हणजे तारलीचं एक आयुष्य, त्यामुळे यात नवल नाही. सरासरी वर चढत असेल आणि डोक्यावर एल निनो असेल, तर नवीन जाळ्यासाठी किंवा इंजिनासाठी कर्ज काढायचं ते वर्ष नव्हे. इन्कॉइसकडे तापमानाची जुनी मालिका आहेच. ती बंदरनिहाय, साध्या मराठीत, वर्षातून दोनदा, मे आणि ऑगस्टमध्ये, एका पानावर दिली तर या सेवेची किंमत दुप्पट होईल. आमची या सेवेकडे हीच मुख्य मागणी आहे. दुसरी मागणी, ढगांमुळे सल्ला निघाला नाही त्या दिवशी ‘ढगांमुळे नाही’ असं स्पष्ट लिहावं. ‘सल्ला उपलब्ध नाही’ एवढंच वाचून अनेकांना वाटतं की मासळीच नाही.

पैशांचा हिशेब सोपा आहे. नौका तासाला पंधरा लिटर डिझेल खाते असं धरलं आणि रेघेमुळे शोधाचे चार तास वाचले, तर फेरीमागे साठ लिटर वाचतात. बांगड्यासाठी हे सहज घडतं. तारलीसाठी दर वेळी घडेलच असं नाही, कारण तिच्यासाठी रेघेवर न जाता रेघेच्या आत शोधायचं असतं. थवा घेरणाऱ्या मोठ्या पर्ससीन जाळ्यांना महाराष्ट्रात २०१६च्या आदेशाने सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने मिळतात आणि स्वच्छ आकाशाचे, सल्ला सलग मिळण्याचे महिने नोव्हेंबरपासून पुढे येतात. म्हणजे त्यांना या सेवेचा पूर्ण लाभ दोनच महिने होतो. पाण्यात उभं सोडून मासा अडकवणाऱ्या गिलनेटवाल्यांना मात्र नोव्हेंबर ते मार्च हा अख्खा काळ मिळतो, आणि लहान नौकांत त्यांनाच ही सेवा सर्वाधिक फळते. रापणीवाल्यांनी पीएफझेड बाजूला ठेवून फक्त लाटांचा इशारा आणि लहान नौकांची सूचना घ्यावी.

थवा सापडल्यानंतरचं काम सल्ल्यात नसतं, पण तिथेच निम्मा माल वाया जातो. पोटभर खाल्लेली तारली बाहेर काढल्यावर काही तासांत पोटाशी फुटते, कारण आतल्या लगद्यासोबतचे पाचकरस मेलेल्या माशाचीच भिंत खायला लागतात. चरबी जास्त असलेल्या ऑक्टोबर-डिसेंबरच्या मालाला तर लवकर खवट वासही येतो. किलोला किलो बर्फ, तोही बारीक फोडलेला, हे कमीत कमी प्रमाण. कॅरेटमध्ये आधी बर्फाचा थर, मग मासा, मग पुन्हा बर्फ, आणि कॅरेट काठोकाठ न भरता वर चार बोटं जागा सोडायची, म्हणजे एकावर एक रचताना खालच्या तारलीची पोटं दबत नाहीत. थवा मोठा दिसला तरी जेवढा बर्फ नौकेवर आहे तेवढ्याच कॅरेटचं जाळं ओढावं. उरलेला थवा उद्याही त्याच भूशिराच्या आत, त्याच दहा-पंधरा वावांत असण्याची शक्यता चांगली असते.